बर्फातली हिमानी आणि कौसामावशीची म्हैस

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बरं का. पुढं पुढं या किश्श्यात हसण्यासारखं फार थोडं उरतं, आणि जे उरतं ते सगळं माझ्यावरच आहे. चहा घ्या. गारठ्याची गोष्ट आहे, पण भर वैशाखातली.

मी एकदा देव झालो होतो. खोटं सांगत नाही! भूमहून परांड्याकडं जाताना एक गाव लागतं, तिथल्या दूध संघाच्या दारात झालो होतो. गावाचं नाव सांगणार नाही, कारण तिथल्या चेअरमनचे नातू मला अजून ओळखतात.

ऐंशीनंतरचा तो दुष्काळ. पाऊस एका वर्षी रुसला तर माणूस शिव्या देतो, दुसऱ्या वर्षी नवस बोलतो, आणि तिसऱ्या वर्षी गप्प बसतो. आमचं तिसरं वर्ष होतं. बारवेचा तळ भेगाळला होता. टँकर यायचा तेव्हा गावात जरा आवाज व्हायचा, एरवी सगळं सुतक पडल्यासारखं. जनावरं बाजारात जात होती. तिथून पुढं कुठं जात होती ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोलत नव्हतं.

आणि अशा दिवसांत मी काय करत होतो? प्रेमकथा लिहीत होतो!

दिवसा मी संघात क्लार्क. उरलेल्या वेळात लेखक. म्हणजे छापून काही आलं नव्हतं, पण चालण्याबोलण्यात लेखकपणा आला होता. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कळवलं होतं, हिवाळ्यातली प्रेमकथा पाठवा, आवडली तर बघू. ‘आवडली तर’ हे शब्द मी वाचलेच नाहीत. लेखकाला असं काही दिसत नसतं.

आता मला सांगा, प्रेमकथेत हिवाळाच का लागतो? मी भूमच्या वाचनालयातल्या झाडून सगळ्या प्रेमकथा वाचल्या होत्या. उन्हाळ्यात कुणी प्रेमात पडलंय असं एकीतही नव्हतं. सगळं बर्फात! नायिकेच्या नाकाचा शेंडा लाल होतो, नायक आपला कोट काढून तिच्या खांद्यावर टाकतो, शेकोटीपाशी दोघं बसतात, बाहेर धुकं असतं. मग पुढचं पान कुणीतरी फाडून नेलेलं असतं.

आमच्याकडं हिवाळा नसतो असं नाही. पण तो असा कामाचा नसतो. आमच्या हिवाळ्यात टाचा फुटतात. खोबरेल गोठतं, मग बाटली उन्हात ठेवायची. शेकोटीभोवती म्हातारी माणसं विड्या ओढत खोकत बसतात. तिथं कोट कुणाच्या खांद्यावर टाकणार? आणि धुकं? एकदा मी आईला कौतुकानं वाचून दाखवलं, ‘दाट धुक्यातून ती हळूहळू पुढे आली.’ आईनं सुपातलं धान्य पाखडायचं थांबवून विचारलं, “म्हंजे धुई पडली व्हय? मग तुरीचा फुलोरा गळला असंल की रं!”

संपलं. माझी नायिका जागच्या जागी विरघळली.

तरी मी गोष्ट लिहायला घेतलीच. नायिकेचं नाव हिमानी, नायकाचं निशिकांत. हिमानी बर्फात उभी राहून निशिकांतची वाट बघते. एवढं एका बैठकीत झालं. पुढं पेनच चालेना! बाहेर ऊन असं की पत्र्यावर बसलेला कावळा पाय बदलत होता. अंगातून घामाच्या धारा, कागद हाताला चिकटतोय, आणि लिहायचं काय, तर ‘तिची बोटं गारठून बधिर झाली होती.’ कशी होणार हो? अनुभव नको?

आणि मग मला ती खोली आठवली.

संघाची थंड खोली! लोणी आणि दुधाचे कॅन ठेवायला होती. भिंतीएवढं जाड दार, आत उघड्या नळ्यांवर साचलेला पांढरा बर्फ. दुष्काळामुळं दूधच फारसं येत नव्हतं, त्यामुळं खोली जवळजवळ रिकामी. दार विनाकारण उघडायचं नाही, अशी चेअरमन आप्पांची सक्त ताकीद होती. कारण वीज सारखी जायची आणि जनरेटरला डिझेल मिळत नव्हतं. दार उघडं ठेवलं म्हणून आधीच्या क्लार्कला आप्पांनी घरी बसवलं होतं. त्याच्याच जागी तर मी लागलो होतो! पण कलेसाठी माणसानं काहीतरी पणाला लावायला नको का?

रविवार होता. संध्याकाळच्या दुधाला वेळ होता. मी हळूच आत शिरलो, दार ओढून घेतलं, सदरा काढला आणि बनियनवर लोण्याच्या डब्याला टेकून बसलो.

अहाहा! सुरुवातीला स्वर्ग. मग निशिकांत आठवला, हिमानी आठवली, शब्द सुचायला लागले. मग कान गेले. मग नाक गेलं. कपाळ चोळावं म्हणून हात वर नेला तर पेन गळत होतं. क्लार्कचं पेन, लाल शाईचं. शेवटी बोटं खरोखरच बधिर झाली आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! अनुभव मिळाला! सदरा काखेत मारला आणि दार ढकलून बाहेर आलो.

आत माघ, बाहेर वैशाख. अंगाला असं कापरं भरलं की उभं राहता येईना. दातावर दात वाजतायत, डोळे लाल, केस ओले, कपाळावर लाल शाईचा ओढलेला पट्टा. आणि समोर?

समोर दूध घालायला आलेली सगळी रांग! हातात किटल्या. आणि पायरीवर खुद्द चेअरमन आप्पा.

“काय रं क्लार्क? कुठं व्हतास? ह्ये काय सोंग?”

मी तोंड उघडलं. पण दातांच्या खडखडाटापुढं शब्द बाहेर येईना. आप्पांनी माझ्या दंडाला धरायला हात पुढं केला. गेली नोकरी, मी मनात म्हटलं.

एवढ्यात रांगेतली एक किटली ठण्णकन खाली बसली.

“आप्पा, हात लावू नगासा! वारं आलंय त्याला! भैरोबाचं वारं! आज आइतवार हाय न्हवं का!”

ही कौसामावशी. गावाच्या टोकाला राहणारी विधवा बाई. घरात एक मुलगा भगवान आणि दारात एक म्हैस, चंद्री. सोनारीचा भैरोबा म्हणजे आमच्या भागाचं दैवत, रविवार त्याचा वार, आणि ‘वारं आलं’ म्हणजे देव अंगात आला. आता भर वैशाखात घामाऐवजी कापरं भरलेला माणूस बघून लोकांनी दुसरं काय समजायचं? थंडी वाजली असेल, असं तिथं कुणाच्या स्वप्नात तरी येणं शक्य होतं का?

बघता बघता आप्पांनी पायातल्या वहाणा काढल्या. मला घरी बसवायला निघालेला माणूस माझ्यापुढं हात जोडून उभा! मागून कुणीतरी ओरडलं, “भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!”

कौसामावशी पुढं आली. तिनं माझा हात हातात घेतला, कपाळाला लावला, आणि क्षणभर तसाच नाकापाशी धरला. भक्तीनं धरला असेल, असं मला वाटलं.

“द्येवा,” ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “माजं पोरगं म्हनतंय चंद्रीला बाजारात न्यायची. चाऱ्याची छावनी लांब, तितवर ती चालत न्हाय. दूध आटत आलंय. आता तूच सांग. इकू का ठिवू?”

भगवान तिच्या मागंच उभा होता, मान खाली घालून. वाईट पोरगा नव्हता हो तो. वैरणच नव्हती, तो तरी काय करणार?

मी गप्प राहिलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण आप्पा माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होते. देव बोलला नाही तर क्लार्क उरतो, आणि क्लार्क उरला तर थंड खोलीची गोष्ट निघते. शिवाय म्हातारीच्या डोळ्यांत असं काही होतं की ‘वीक’ म्हणवेना.

मी जेवढा जमेल तेवढा आवाज घोगरा केला. “ठेव! म्हैस ठेव! मृगाच्या पहिल्या चरणात पर्जन्यवृष्टी होईल!”

पर्जन्यवृष्टी! अहो, देवाच्या तोंडी सुद्धा मी दिवाळी अंकातलीच भाषा घातली! रांगेत कुजबुज झाली. एक म्हातारा शेजाऱ्याला हळूच म्हणाला, “वारं शिकल्यालं दिसतंय.”

तिथंच थांबलं असतं तर ठीक. पण पुढच्या रविवारी संघाच्या दारात नारळ घेऊन माणसं! मी मागच्या दारानं पळणार तर आप्पांनीच गाठलं. मला आत नेलं, दार लावलं आणि हात जोडले. “द्येवा, औंदा संघाच्या निवडणुकीत आपलं प्यानल येतंय का?”

वीज गेलेली. थंड खोली बंद. बाहेर माणसं. मला कापरं कुठून आणायचं? मी जागच्या जागी उड्या मारल्या, मान हलवली, घामानं चिंब झालो आणि म्हणालो, “येतंय!” आप्पा खूश. माझ्या डोळ्यांपुढं मात्र पॅनल नव्हतं. येताना मी चंद्रीला बघून आलो होतो.

तिच्या फासळ्या मोजता येत होत्या. गोठ्यात उभी होती, पुढ्यात जुन्या छपराचं पाचट टाकलेलं. मला बघून तिनं मान वर केली. म्हशीचे डोळे कधी नीट बघितलेत? बघू नका. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना. हे जनावर माझ्या शब्दावर उभं होतं. विकलं असतं तर सुटलं असतं असंही म्हणवेना, आणि ठेवलं तर उपाशी मरणार, हेही दिसत होतं. मिरगापर्यंत तिला जगवायची, एवढंच माझ्या हातात होतं.

मग काय, देव कामाला लागला! संघात कॅन धुतलेलं पाणी नालीत जायचं. ते मी घागरीत धरून रोज गावाच्या टोकाला वाहून न्यायचो. छावणीवरच्या माणसाच्या हातापाया पडून उसाचं वाढं आणायचो, सायकलला बांधून. वाढ्याच्या पात्यांनी हात कापले. लोक बघायचे आणि म्हणायचे, बघा, देव झाला तरी माज न्हाय.

कौसामावशी ओट्यावर बसून असायची. मी घागर रिकामी केली की म्हणायची, “बस जरा. आज काय लिवलंस?” मी बसायचो. कागद खिशातच असायचे. तिला वाचून दाखवायचो, चंद्री चघळत ऐकायची.

“हिमानी त्या शुभ्र बर्फात एकटीच उभी होती. तिच्या डोळ्यांतून आसवं ओघळत होती…”

“थांब,” मावशी म्हणाली. “बर्फ म्हंजे संघात नळीवर बसतो तसला?”

“हो मावशी. पण तिकडं सगळीकडं असतो. डोंगरावर, झाडावर, रस्त्यावर.”

“आन त्यो इतळला की पानीच व्हतंय न्हवं?”

“पाणीच की.”

“मग ही बया रडतीया कशापायी? एवडं पानी पडलंय दारात! घागर घे म्हनावं, भरून ठिव.”

मी समजावलं की तिचा प्रियकर आलेला नाही, ती विरहात आहे. मावशीनं जरा विचार केला.

“त्यो यील न्हाय तर न्हाय यील. पानी रोज येतं व्हय?”

मी कागद घडी करून ठेवले. चंद्रीनं एक मोठा सुस्कारा टाकला. मला वाटलं, निदान तिला तरी विरह कळला.

तिला काय कळलं होतं ते दोन दिवसांनी समजलं. मी सदरा काढून गोठ्याच्या खुंटीला टांगला आणि घागर आणायला गेलो. परत येतो तर सदरा खाली, खिसा फाटलेला, आणि चंद्री शांतपणे जबडा हलवतेय. हिमानी गेली होती. निशिकांत अर्धा बाहेर लोंबत होता, तोही माझ्यादेखत आत गेला. सगळा बर्फ, सगळं धुकं, शेकोटी, कोट, सगळं! मी तिच्या जबड्यात हात घालणार होतो, पण मावशीनं धरलं. “खाऊ दे रं. भूक लागलीया तिला.” मी खाली बसलो. खरं सांगू? रडूच आलं. गोष्टीसाठी की म्हशीसाठी, ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

पुन्हा लिहायचं बळ नव्हतं. आणि मिरीग तोंडावर आला होता.

मृग निघाला. आख्खं गाव आभाळाकडं बघत होतं आणि मधून मधून माझ्याकडं. ढग आले. काळे, भरलेले ढग, अगदी पुस्तकात असतात तसले. दोन दिवस राहिले आणि वाऱ्यानं येडशीच्या डोंगराकडं निघून गेले. धुळीवर चार थेंबांचे डाग पडले, तेही तासात वाळले. पहिला चरण गेला, दुसरा गेला, मिरीग सगळा कोरडा गेला.

रविवारी नारळ घेऊन कुणी आलं नाही. आप्पा तेवढे आले. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. आमच्याकडं ज्याच्या अंगात देव येतो त्याला ‘झाड’ म्हणतात. आप्पा जमलेल्यांना म्हणाले, “द्येव खोटा न्हाय गड्यांनो. झाडच वाळकं निगालं.” पुढं त्यांचं पॅनल पडलं आणि नव्या चेअरमननी मला घरी बसवलं, ती वेगळी रड. मला तेव्हा कशाचंच काही वाटेना. माझं सगळं लक्ष चंद्रीकडं होतं.

आर्द्रा नक्षत्र लागलं तेव्हा ती खाली बसली. बसलेली म्हैस उठली नाही की जाणता माणूस काही विचारत नाही. मी पाणी नेलं, तिनं तोंड लावलं नाही. मावशीनं पदर भिजवून तिच्या नाकावरून फिरवला. दुपारी चंद्रीनं मान मावशीच्या मांडीवर टाकली ती उचललीच नाही. भगवान कोपऱ्यात तोंड फिरवून उभा होता. पोरीसारखा रडत होता तो.

लोक आले, ओढून नेली, खड्डा बुजवला. सगळे पांगले. मावशी रिकाम्या दाव्याकडं बघत ओट्यावर बसली होती. आता मला राहवेना. मी तिच्या पायांशी बसलो.

“मावशी, मला माफ करा. त्या दिवशी माझ्या अंगात काही आलं नव्हतं. मी थंड खोलीत बसलो होतो. नुसती थंडी वाजत होती मला. तुमची चंद्री माझ्यापायी हाल होऊन मेली.”

मावशीनं माझ्याकडं बघितलं. शांतपणे.

“ठावं हाय की मला.”

“काय ठाऊक आहे?”

“आरं, तुज्या हाताला लोन्याचा वास मारत व्हता. भैरोबा कवापास्नं लोनी खाया लागला?”

“मग… मग ते वारं? ‘इकू का ठिवू’?”

“भगवान म्हस इकनार व्हता. माज्यानं बघवत नव्हतं. आमच्या मालकांनी आनलेली ती, पारडी व्हती तवापास्नं माज्या हातची. कुनाच्या हाती गेली असती, कुटं नेली असती… मरायचीच तर माज्या दारात मरू दे म्हनलं.” तिनं डोळे पुसले. “पोरगं माजं ऐकत न्हाय. द्येवाचं ऐकतंय. तू कापत बाहीर आलास, म्या म्हनलं, ह्योच द्येव. दोन म्हैनं गावली मला तिच्यासंगट. लई झालं.”

म्हणजे बघा! गरीब म्हातारीला फसवलं म्हणून मी दोन महिने आतल्या आत जळत होतो, आणि त्या म्हातारीनं आख्ख्या गावाला, चेअरमनला आणि मला, सगळ्यांना एका किटलीत घातलं होतं!

“अहो पण मावशी, मग मला का नाही सांगितलं? उन्हातान्हात घागरी वाहिल्या मी! वाढं आणून हात कापून घेतले!”

“सांगनार व्हते,” मावशी म्हणाली. “पर म्हनलं, द्येवाला आपल्या शबुदाची काळजी हाय, तर वाहू दे की पानी.”

मी उठलो. चप्पल घातली. अंगणात पोचलो तर तिनं मागून हाक मारली.

“आन त्या कागदाचं वाईट वाटून घेऊ नगंस. त्या रोजी ती पोटभर रवंथ करत बसली व्हती बघ.”

त्यानंतर मी पुष्कळ लिहिलं. बर्फाचं लिहिलं, धुक्याचं लिहिलं, काही छापूनही आलं. मित्र अजून विचारतात, काय हो, लिखाणावर पोट भरतं का? मी खोटं कशाला सांगू? भरलं की. एकदा, एका दिवसापुरतं, कौसामावशीच्या म्हशीचं.